बेलापूर पहिलं, पुणं दुसरं

मुलीचा सीईटीचा निकाल जूनमधल्या एका मंगळवारी दुपारी लागला. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉ कोर्सची ती प्रवेशपरीक्षा. पुण्यातल्या ज्या जुन्या कॉलेजात तिला जायचं होतं, तिथला आदल्या वर्षीचा शेवटचा प्रवेश ज्या पर्सेंटाईलला झाला होता, त्याच्यापेक्षा तिचं पर्सेंटाईल कमी आलं. फरक थोडा होता. दशांशचिन्हाच्या पुढचे आकडे बघावे लागत होते.

मी त्या वेळी ऑफिसमध्ये होते. तिने फोन केला नाही, फक्त आकडा पाठवला. मी वर्तमानपत्राच्या नवी मुंबईच्या पानावर काम करते. प्रवेशाच्या बातम्या दर वर्षी माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे आकड्याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. मी 'बघितलं' असं उत्तर पाठवलं. हातात सीवूड्समधल्या एका सोसायटीच्या पाण्याची बातमी होती, ती पूर्ण करून पानावर लावली.

निकालाच्या आधी एक अंदाज होता. परीक्षेनंतर उत्तरतालिका जाहीर होते आणि प्रत्येकाला आपली उत्तरं ताडून पाहता येतात. मुलीने डायनिंग टेबलावर बसून दोनदा ताडून पाहिलं. दुसऱ्यांदा बेरीज कमी आली. तिने आम्हाला कमी आलेली सांगितली. क्लासच्या सरांनी आधीची धरली आणि जुनं कॉलेज आरामात मिळेल असं सांगितलं. बेरीज दोन्ही वेळा फारशी चुकली नव्हती. पण पेपर सगळ्यांनाच सोपा गेला होता, आणि पर्सेंटाईल म्हणजे बाकीचे किती मागे राहिले याचं माप.

नेरूळच्या घरात आम्ही दोघी राहतो. मुलीचे वडील बरीच वर्षं न्हावा शेवाला एका कस्टम्स क्लिअरिंगच्या कंपनीत होते. मुलगी दहावीत असताना कंपनीने पुण्याजवळ कंटेनर डेपो उघडला आणि त्यांची तिकडे बदली झाली. घर सोडण्याचं कारण बदली, असं सोसायटीत, नातेवाइकांत आणि मुलीलाही सांगण्यात आलं. बदली खरी होती. आम्ही दोघींनी सोबत जायचं नाही, असं काही बदलीच्या आदेशात नव्हतं. आधी ते दर शनिवारी यायचे, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. घटस्फोटाचा अर्ज कोणी केलेला नाही. भांडण झालं, अशीही कोणती तारीख सांगता येत नाही.

त्यामुळे लॉ कुठे करायचं या प्रश्नातच पुढची पाच वर्षं मुलगी कोणाकडे राहणार हा प्रश्न होता. तो कोणी उघड विचारला नव्हता. घरात बोलणं व्हायचं ते पर्सेंटाईलचं.

तीन कॉलेजं तिच्यासमोर होती. पहिलं पुण्याचं जुनं कॉलेज. अकरावीत असताना ती तिथे एका वादविवाद स्पर्धेला गेली होती आणि परत आल्यावर दोन दिवस तिथल्या लायब्ररीबद्दल बोलत होती. त्या कॉलेजला मुलींचं हॉस्टेल आहे. तिथे राहीन, असं ती म्हणायची. बाबाकडे राहीन असं म्हणत नव्हती, आणि इथून लांब जायला मिळेल असंही म्हणत नव्हती. दुसरं, पुण्यातलंच एक साधं कॉलेज, वडिलांच्या फ्लॅटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिसरं बेलापूरचं, आमच्या घरापासून रिक्षाने पोचता येण्यासारखं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वाशीला क्लासच्या सरांकडे गेलो. एका बँकेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा क्लास. सर तिशीतले, स्वतः वकील, पण कोर्टात जात नाहीत. त्यांनी लॅपटॉपवर मागच्या काही वर्षांचे कटऑफ काढले.

"बॉर्डरलाईन आहे," ते म्हणाले. "पहिल्या फेरीत कठीण. दुसऱ्या फेरीत खाली येतं कधी कधी. ज्यांना दिल्ली-बंगळुरूचं मिळतं ती पोरं सीट सोडतात ना, मग हलतं सगळं."

"चान्स किती, सर?" मुलीने विचारलं.

"फिफ्टी-फिफ्टी म्हणालो तर आज तू खूश. आणि नाही झालं तर महिनाभर मला शिव्या."

"तशा पण देतेच."

"माहितीये मला, तुमच्या ग्रुपमध्ये माझा माणूस आहे," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, टेन्शन नाही. बाकीची दोन हिला झोपेत मिळतील. जुनं कॉलेज वर टाका आणि वाट बघा. बाकी हिने काय चुकवलंय असं नाही हं. पेपरच तसा होता."

मुलगी आकड्यांच्या तक्त्याकडे बघत होती. बाहेर पडल्यावर तिने उसाचा रस घेऊ या का असं विचारलं. आम्ही रस प्यायलो आणि घरी आलो. 

त्या रविवारी सकाळी मी बेलापूरला मासे आणायला गेले. दिवाळे कोळीवाड्यातल्या एका बाईंकडून मी पूर्वीपासून घेते. त्यांना घरातलं सगळं माहीत असतं, कारण त्या विचारतात.

"पोरगी पास झाली ना? आता कुठं जानार?" मांदेली मोजता मोजता त्यांनी विचारलं.

"लॉला. वकिलीला. कुठे ते ठरायचंय."

"वकील व्हनार? मंग तिला सांग, आमच्या जेट्टीची केस घे. मासली फुकट." शेजारच्या बायका हसल्या. "आनि मालक? पुन्यालाच हाय अजून?"

"तिकडेच."

"मंग पोरगी तिकडं जाते काय तुझ्याकडं रहाते?"

मी पिशवी पुढे केली. हा प्रश्न तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला कोलीम दाखवायला लागल्या.

पसंतीक्रम भरायची मुदत पुढच्या आठवड्यात होती. त्या रविवारीच दुपारी मुलीचे वडील व्हिडिओ कॉलवर आले. मुलीने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टेबलावर ठेवला. ती आणि मी एका बाजूला बसलो.

वडिलांनी विचार करून ठेवला होता. त्यांचं म्हणणं असं, की जुनं कॉलेज मिळणार नसेल तर पहिली पसंती त्याच्यावर वाया घालवू नये.

"हमखास मिळणारं पहिलं टाकायचं, पिल्लू. कॉलेजवाले बघतात, कोणी आपल्याला पहिलं ठेवलंय आणि कोणी पाचवं. पाचवं ठेवणाऱ्याला कशाला घेतील?"

"कॉलेजला ते दिसतच नाही," मी म्हणाले. माहितीपुस्तिका माझ्यासमोर होती. मी नियम वाचून दाखवला. क्रम कोणताही असला तरी प्रवेश पर्सेंटाईलवरच होतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यायचं, किंवा प्रक्रियेतून बाहेर पडायचं. पुढच्या फेऱ्या त्या मुलासाठी संपतात. दुसरी किंवा त्याखालची पसंती मिळाली, तर ती जागा राखून ठेवता येते आणि पुढच्या फेरीत वरच्या कॉलेजची वाट पाहता येते. म्हणजे जे सगळ्यात हवं असेल तेच पहिलं टाकायचं. त्यात तोटा नाही.

"पुस्तकात सगळं असतं गं," वडील म्हणाले. "पोर्टात मी काय शिकलो सांगू? नक्की सुटणारा कंटेनर पुढे लावायचा. अडकणारा पुढे लावला की मागची अख्खी लाईन अडकते."

"बाबा, मी कंटेनर नाहीये."

"तू नाही गं. कॉलेज."

"मग मी कोण? ड्रायव्हर?"

"तू इम्पोर्टर. मालकीण." ते हसले. ती पण थोडी हसली. मग ते म्हणाले, "ते दुसरं आहे ना, माझ्या इथलं, ते पहिलं टाक. गेटपासून माझी बिल्डिंग दिसते." थोडं थांबून त्यांनी पुढे जोडलं, "म्हणजे, सोयीचं आहे."

 फोनमध्ये त्यांच्या मागे धुतलेले कपडे खुर्चीवर वाळत घातलेले दिसत होते. मुलीने बघते असं सांगितलं आणि कॉल संपला.

नियम मी एकदाच वाचला. डेस्कवर तशीच पद्धत आहे. चूक दिसली की आधारासकट एकदा सांगायची, छापायचं की नाही ते ज्याचं पान आहे त्याने ठरवायचं. आमच्या घरातही पूर्वीपासून तसंच चालत आलं आहे. बदलीच्या वेळीही ज्याने त्याने आपलं म्हणणं एकदाच सांगितलं होतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मुलीने सकाळी टेबलावर लॅपटॉप उघडला. मी शेजारी बसू का असं विचारलं, ती नको म्हणाली. मधे एकदा तिने पिनकोड विचारला. थोड्या वेळाने ती खाली झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट घेऊन आली आणि टेबलावर ठेवून आंघोळीला गेली. मी प्रिंट वाचली. पहिलं बेलापूर. दुसरं पुण्याचं जुनं कॉलेज. तिसरं वडिलांच्या घराजवळचं.

ती बाहेर आली तेव्हा मी म्हणाले, "क्रम उलटा झालाय."

"नाही झालेला."

"बेलापूर पहिलं टाकलंस तर पहिल्याच फेरीत मिळेल. जुन्या कॉलेजची दुसरी फेरी तुला राहणारच नाही."

"आई, तो नियम तूच वाचून दाखवलास."

"संध्याकाळपर्यंत बदलता येतं."

"माहितीये."

तिने केस पुसत पुसत खुर्ची ओढली. त्यानंतर जे बोलणं झालं ते मला बरंचसं तसंच्या तसं आठवतं, कारण ती सावकाश बोलत होती.

"तीन फेऱ्या आहेत," ती म्हणाली. "जुनं पहिलं टाकलं तर पहिल्या फेरीत मिळणार नाही. खालचं मिळेल, इथलं किंवा बाबाचं, ज्याला वर ठेवीन ते. म्हणजे तिथेच कोणाला तरी कळणार मी कोणाला वर ठेवलं. मग दुसरी फेरी, मग तिसरी. मधले सगळे दिवस तुम्ही दोघं मला फोनवर विचारणार, काय ठरवलंस, काय वाटतं तुला. गोड आवाजात."

"मी नाही विचारणार."

"तू नाही विचारणार. तू फक्त बघशील."

मी टेबलावरची प्रिंट उचलून सरळ ठेवली.

"मला वाटलं होतं मार्कच ठरवतील," ती म्हणाली. "जास्त आले असते तर हॉस्टेल, प्रश्न मिटला. एकदम कमी आले असते तर बेलापूरच, तेव्हा पण मिटला. नेमके मधले आले."

"म्हणून हे पहिलं?"

"पहिलं मिळालं की संपतं ना? तेच हवंय मला."

"मग बेलापूरच का? बाबाकडचं टाकलं असतं तरी संपलं असतं."

तिने थोडा विचार केला. "माझं कपाट इथे आहे," ती म्हणाली. "आणि हे तुझ्यासाठी केलेलं नाही. ऑफिसात कोणाला सांगू नकोस, माझ्या मुलीने माझ्यासाठी वगैरे. प्लीज."

"नाही सांगत."

"बाबाला मी सांगेन."

मग तिने पोह्यांत शेंगदाणे आहेत का असं विचारलं. होते. तिने ते नेहमीप्रमाणे बाजूला काढून ठेवले. माझ्या मनात तेव्हा काय होतं, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. वाईट वाटलं असंही नाही. मी त्या दिवशी बेडशीट बदलल्या, गॅलरी धुतली आणि संध्याकाळी मुदत संपायच्या आधी एकदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ती कानात हेडफोन घालून झोपली होती. मुदत संपली. क्रम बदलला गेला नाही.

वडिलांचा फोन त्या दिवशीही आला होता. हमखास असलेलं पहिलं टाकलंस ना, असं त्यांनी तिला विचारलं. ती हो म्हणाली. कोणतं, असं त्यांनी विचारलं नाही.

पहिल्या फेरीची यादी लागली त्या सकाळी मी घरी होते. बेलापूर मिळालं होतं. तिने स्वतःच वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"बाबा, लागली यादी. बेलापूर."

"बेलापूर? ते कसं? पहिलं तर आपलं..." ते थांबले. "सिस्टीमची चूक असेल. थांब, तक्रार करता येते. कंप्लेंटची विंडो असते."

"चूक नाहीये. बेलापूरच पहिलं टाकलं होतं."

"आणि जुनं?"

"दुसरं."

"आणि..."

"तिसरं."

फोनवर ट्रकचा रिव्हर्सचा आवाज येत होता. ते डेपोत असावेत.

"मग आता दुसऱ्या फेरीत जुन्यासाठी..."

"नाही थांबता येत. पहिलं मिळालं की घ्यायचं. आईने वाचलं होतं ना."

"हो," ते म्हणाले. "वाचलं होतं खरं." मग म्हणाले, "हमखास पहिलं टाक असं मीच म्हणालो होतो."

"तेच केलं बाबा."

"हो. तेच केलंस." कोणीतरी त्यांना हाक मारली. "कागदपत्रांना कधी जायचंय? मी येतो. सुट्टी टाकतो."

ते आले. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सचे तीन संच त्यांनी करून आणले होते, प्रत्येक संचाला वेगळ्या रंगाची क्लिप. पोर्टातली सवय. बेलापूरच्या कॉलेजच्या ऑफिसात लोखंडी खुर्च्यांवर आम्ही तिघं ओळीने बसलो, मुलगी मधे. खिडकीवरच्या बाईंनी एकच संच ठेवून घेतला.

"एवढे कशाला आणलेत काका?"

"असू द्या. राहू दे तुमच्याकडे."

"ठेवायला जागा नाही हो इथे."

ते दोन संच परत घेऊन आले. मुलीने ते स्वतःच्या बॅगेत ठेवले. ओळखीच्या कोणीतरी आम्हाला तिघांना एकत्र पाहिलं आणि हात केला. आम्हीही केला.

नंतर जवळच्या हॉटेलात थाळी घेतली. वडिलांनी मुलीला विचारलं, हॉस्टेलचं फार होतं का मनात. ती म्हणाली, "होतं. आता नाही." ते म्हणाले, सुट्टीत माझ्याकडे राहायला ये, तिथून जुन्या कॉलेजची लायब्ररी बघायला जाऊ, बाहेरच्यांना पास मिळतो म्हणतात. ती बघू म्हणाली. त्यांनी तिच्या ताटातली जिलेबी उचलली, तिला आवडत नाही म्हणून. मी बिल मागवलं, तोवर त्यांनी ते दिलं होतं.

कामोठ्याला त्यांचे एक जुने सहकारी राहतात, त्यांना भेटून मग पुण्याला जाणार होते. मुलगी रिक्षापर्यंत त्यांना सोडायला गेली. मी हॉटेलच्या पायरीवर थांबले. दोघं उभं राहून काही वेळ बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

त्या आठवड्यात तिने भिंतीवरचा क्लासचा तक्ता काढला. वह्या क्लासच्या पुढच्या बॅचमधल्या एका मुलीला दिल्या. कॉलेजने प्रवेश निश्चित झाल्याचा मेल पाठवला, तो तिने आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला. वडिलांनी अंगठा पाठवला. मीही पाठवला.

दुसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. वडिलांनी ग्रुपवर पुण्याच्या जुन्या कॉलेजचा नवा कटऑफ टाकला. सोबत काही लिहिलं नव्हतं. तो मुलीच्या पर्सेंटाईलपेक्षा कमी होता. मुलगी त्या वेळी ऑनलाइन दिसत होती. कोणी उत्तर दिलं नाही. मी अधिकृत यादी उघडली आणि आकडा ताडून पाहिला. बरोबर होता.